युद्धकाळात खान्देशातील स्त्रियांनी केलेले काम कोणत्या वहीत लिहिले गेले?

तापीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. गेल्या महिन्यात मी आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थिनीला एक काम दिले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पूर्व आणि पश्चिम खान्देश या दोन जिल्ह्यांत किती स्त्रिया कोणत्या कामावर होत्या, हे तिने शोधून आणायचे होते. आठ दिवसांनी ती रिकाम्या हाताने परत आली. चूक तिची नव्हती, माझी होती. १९४१ साली जनगणना झाली खरी, पण युद्धकाळातील काटकसरीमुळे तिची व्यवसायविषयक कोष्टके तयारच करण्यात आली नाहीत, हे मला आधी आठवायला हवे होते. त्यामुळे १९३१ नंतर आपण थेट १९५१ला पोहोचतो, आणि ज्या वीस वर्षांत महायुद्ध, धान्याची लेव्ही (सरकारची सक्तीची धान्यवसुली), कापडाचे कंट्रोल आणि फाळणी एवढे सगळे येऊन गेले, त्या वर्षांत कोण कोणत्या कामाला जात होते याचा गावोगावचा हिशेब उपलब्ध नाही.

ब्रिटनमध्ये असे झाले नाही. तिथे डिसेंबर १९४१मध्ये कायदा करून वीस ते तीस वयाच्या अविवाहित स्त्रियांना युद्धकामासाठी बोलावणे सुरू झाले. शेतीच्या कामावर गेलेल्या तिथल्या ‘लँड आर्मी’ची संख्या एका वेळी ८० हजारांच्या घरात गेली होती. त्यांना पुरुषांपेक्षा कमी वेतन मिळाले ही गोष्ट खरी आहे, पण वेतन मिळाले म्हणून नाव नोंदले गेले, आणि नाव नोंदले गेले म्हणून आज त्यांच्यावर लिहिता येते. हिंदुस्थानात सक्तीची भरती नव्हती. सुमारे २५ लाख माणसे सैन्यात गेली ती भरती होऊन गेली. कोणी पोटासाठी, कोणी पगारासाठी, कोणी हौसेने. स्त्रियांसाठी परिचारिकांचे काम सोडले तर गणवेशाचे मोठे दार १९४२ साली ‘विमेन्स ऑक्झिलरी कोअर’च्या रूपाने उघडले, आणि त्यातून देशभरात मिळून सुमारे ११ हजार स्त्रिया आत गेल्या. उरलेल्या कोट्यवधी स्त्रियांचे काय?

आपापल्या घरातील आठवणी आणि कागद असतील तर कृपया इथे लिहावेत. एक विनंती आधीच करते. वीरमाता आणि वीरपत्नी यांच्यावरची भाषणे आपण दर २६ जानेवारीला ऐकतोच, ती इथे नकोत. काम काय होते, ते कोणी सांगितले, आणि त्याचा मोबदला कोणाच्या हातात पडला, एवढेच मला हवे आहे. १९६२, १९६५ आणि १९७१ या युद्धांबद्दलही लिहिले तरी चालेल.

गिरणाकाठ

ताई, आमचे घर तीन पिढ्यांपासून कापसावर आहे, म्हणून कापसापासूनच सुरुवात करतो. खान्देशचा आखूड धाग्याचा कापूस युद्धापूर्वी मोठ्या प्रमाणावर जपानला जात असे. डिसेंबर १९४१मध्ये जपान युद्धात उतरला आणि ते गिऱ्हाईक एका रात्रीत शत्रू झाले. कापूस पडून राहू लागला. दुसरीकडे १९४२च्या मार्चमध्ये रंगून पडल्यावर ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ थांबला, धान्याची ओरड सुरू झाली, आणि कापूस कमी करा, ज्वारी-बाजरी वाढवा असे सरकार सांगू लागले. मुंबई सरकारने १९४४ साली अन्नपिके वाढवण्याचा कायदाच केला, ज्यामुळे जमिनीचा काही हिस्सा धान्याखाली ठेवणे शेतकऱ्याला बंधनकारक झाले.

हे सगळे आपल्याकडे पुरुषांच्या भाषेत सांगितले जाते: कापसाचा भाव, सरकारचे धोरण, शेतकऱ्याचे नुकसान. परंतु कापूस कमी झाला की पहिला फटका बसतो तो वेचणीला, आणि वेचणी हे बायकांचे काम आहे. दिवाळीनंतर शिमग्यापर्यंत तीन-चार वेचण्या होत, मजुरी वजनावर मिळे, आणि भूमिहीन घरातील बाईच्या हातात वर्षभरात रोख पैसा येण्याचा बहुधा तोच एक काळ असे. वेचणीनंतर तोच कापूस जिनात, म्हणजे सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात जाई, तिथेही यंत्रावर कापूस टाकायला बायाच असत. म्हणजे कपाशीची ज्वारी झाली तेव्हा तिच्या दोन्ही मजुऱ्या एकदम घटल्या. ज्वारीत निंदणी असते, कणसे खुडणे असते, काम कमी नसते. मात्र ज्वारीची मजुरी पुष्कळदा धान्यातच दिली जाई, आणि कंट्रोलच्या दुकानात रॉकेल व कापड रोखीनेच घ्यावे लागे. हा जो घोळ झाला तो तिने कसा निस्तरला, हे मला आजवर कोणी लिहिलेले दिसलेले नाही.

जाता जाता एक गोष्ट नोंदवतो. परक्याच्या युद्धाने खान्देशच्या बायकांचा दिवस बदलण्याची ही पहिली वेळ नव्हती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि जळगावची पेठ वाढली. पुढे जिन उभे राहिले. १८८५ साली मुंबई सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनसमोर खान्देशातील जिनांमधले कामाचे अमानुष तास हा विषय आला होता, आणि १८९१च्या कायद्याने स्त्रियांच्या कामाला दिवसाला अकरा तासांची मर्यादा घातली. अकरा तास ही मर्यादा म्हणून आणावी लागली, यावरून आधी काय चालत असेल याची कल्पना करावी.

नंदुरबारी

धागा चांगला आहे, पण मला मूळ शब्दालाच हरकत घ्यायची आहे. ‘युद्धातील योगदान’ म्हणताना ते कोणाच्या युद्धातील, हा प्रश्न आपण टाळतो आहोत. ९ सप्टेंबर १९४२ रोजी आमच्या गावात शाळकरी मुलामुलींच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि त्यात शिरीषकुमार मेहता व त्याचे चार साथी गेले. मिरवणुकीतील मुलींवर बंदूक रोखली गेली तेव्हा तो पुढे झाला, असे नंदुरबारमध्ये आजही सांगितले जाते. त्या मुलींच्या घरातील बायका सरकारच्या युद्धप्रयत्नाला हातभार लावत होत्या असे म्हणणे कसे शक्य आहे? धुळ्याच्या लीलाताई उत्तमराव पाटील त्याच काळात भूमिगत चळवळीत होत्या. १४ एप्रिल १९४४ रोजी चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला. ज्या घरांनी भूमिगतांना भाकरी दिली, निरोप पोचवले आणि पोलीस आल्यावर ‘आम्हाला काही माहीत नाही’ असे सांगितले, त्या घरांची आघाडी ही सरकारच्या विरुद्ध होती. १९३६च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हापासून आपल्या खेड्यापाड्यांत चरखा घरात आलेला होता. युद्धकाळात गिरणीचे कापड लष्कराकडे जात असताना घरी सूत काढणारी बाई युद्धाला मदत करत होती की असहकार करत होती?

माझे म्हणणे एवढेच आहे की इंग्लंडमधील बाईच्या कामावर बेतलेला सदरा आपल्या आज्यांच्या अंगावर चढवू नये.

तापीकाठ

नंदुरबारी, तुमची हरकत मला मान्य आहे, आणि ती मी मूळ लेखात मांडायला हवी होती. यापुढे ‘योगदान’ हा शब्द सोडून ‘युद्धकाळातील काम’ एवढेच म्हणू. योगदान म्हटले की देणारी व्यक्ती जाणूनबुजून देते असे गृहीत धरले जाते. काम मात्र न विचारताही करून घेता येते.

याचे एक ठळक उदाहरण खान्देशाबाहेरचे आहे, पण ते इथे सांगणे आवश्यक वाटते. कोळशाच्या खाणीत जमिनीखाली स्त्रियांनी उतरू नये, अशी बंदी युद्धापूर्वीच लागू झाली होती. युद्धात कोळसा कमी पडू लागताच १९४३ साली सरकारने ती बंदी उठवली, आणि युद्ध संपल्यावर फेब्रुवारी १९४६मध्ये पुन्हा घातली. स्त्रीच्या आरोग्याची काळजी १९४३मध्ये संपली आणि १९४६मध्ये परत सुरू झाली, असे तर झाले नसेल! ज्या कोळशावर भुसावळचे इंजिन धावत होते, त्यातील काही कोळसा त्या बायकांच्या डोक्यावरून वर आलेला होता.

जुना भोंगा

माझे वडील आणि आजोबा दोघेही गिरणीत होते, म्हणून गिरणीबद्दल लिहितो. जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल आणि चाळीसगावची लक्ष्मीनारायण मिल, या चारही गावांत भोंग्यावर घड्याळे लावली जात. महायुद्धात लष्कराला कापड हवे होते, बाहेरून येणारे कापड थांबले होते, आणि मुंबई इलाख्यातील गिरण्या पाळ्या वाढवून चालू लागल्या.

आता इथे एक गंमत पाहा. १९३४च्या फॅक्टरी कायद्यानुसार संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी स्त्रियांना कारखान्यात कामाला ठेवता येत नव्हते. कायद्याचा हेतू चांगलाच होता. परंतु युद्धामुळे जी नवी कामे निघाली त्यातील पुष्कळशी रात्रपाळीत निघाली, आणि ती आपोआप पुरुषांना मिळाली. बायका होत्या त्या वाइंडिंग आणि रीलिंग या सूत गुंडाळण्याच्या खात्यांत, दिवसा, आणि तिथली मजुरी साच्यावरच्या (मागावरच्या) मजुरीच्या मानाने कमी असे. त्यामुळे इंग्लंडमध्ये युद्धाने बाईला कारखान्यात नेले असे जे आपण वाचतो, ते आपल्या गिरणीबद्दल म्हणता येणार नाही. आपल्या गिरणीत युद्धाने जास्त करून पुरुषांना कामावर घेतले.

मग बाईने काय केले? ती घरी तीन पाळ्या करू लागली. आमच्या चाळीत एका खोलीत आजोबा पहिल्या पाळीला, त्यांचा भाऊ दुसऱ्या पाळीला आणि गावाकडून आलेला एक भाचा रात्रपाळीला, अशी व्यवस्था होती. आजी पहाटे चारला चूल पेटवी, दुपारी दुसऱ्याचा डबा देई, रात्री अकराला परत आलेल्याला वाढी, आणि रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपलेला असल्यामुळे मुलांना दिवसभर ओट्यावर घेऊन बसे. गिरणीच्या मस्टरवर तीन नावे होती आणि ती तिन्ही नावे उभी राहत होती एका चौथ्या माणसाच्या जागरणावर. लष्कराच्या कापडाच्या उत्पादनात हे धरायचे की नाही, ते ताईंनी ठरवावे.

आणि एवढे करून त्याच आजीला लुगडे मिळत नव्हते. १९४३मध्ये कापड आणि सुतावर नियंत्रण आले, ठाणावर किंमत छापणे सक्तीचे झाले, पण छापील किमतीचे कापड दुकानात दिसेल तर ना! घरात गिरणीकामगार तिघे, आणि आजीने नऊवारी सोडून सहावारी नेसायला सुरुवात केली ती त्या टंचाईत. ‘तीन वार सरकारला दिले’ असे ती पुढे हसत सांगत असे. ते हसणे खरे होते की नाही, हे मी लहान असल्यामुळे मला कळले नाही.

भुसावळ जंक्शन

भुसावळबद्दल थोडेच लिहितो, कारण माझी माहिती ऐकीव आहे. रेल्वे वसाहतीत अँग्लो-इंडियन कुटुंबे होती, आणि धागाकर्तींनी उल्लेख केलेल्या ऑक्झिलरी कोअरमध्ये देशभरातून या समाजाच्या मुलींचे प्रमाण मोठे होते. टेलिफोन, टंकलेखन, संदेशांची नोंद अशी कामे त्यांच्याकडे असत. आपल्या इतिहासात या मुली फारशा येत नाहीत, कारण राष्ट्रीय चळवळीच्या गोष्टीत त्यांना जागा नव्हती, आणि स्वातंत्र्यानंतर त्यांच्यातील पुष्कळ कुटुंबे देश सोडून गेली. नंदुरबारींचा मुद्दा बरोबर आहे, पण त्याची दुसरी बाजू ही आहे.

यावलकर

मी सगळे प्रतिसाद वाचले. माझा आक्षेप वेगळा आहे. स्वयंपाक, धुणी, रांगेत उभे राहणे, वेचणीला जाणे ही कामे बायका युद्धाआधीही करत होत्या आणि नंतरही करत राहिल्या. सगळ्यालाच युद्धकाळातील काम म्हणायला लागलो तर त्या शब्दाला अर्थ उरणार नाही. इतिहासाच्या अभ्यासात काही एक मोजमाप हवे. युद्ध नसते तर जे काम करावे लागले नसते, तेवढेच मोजावे, असे मला वाटते.

शिंदखेड्याची लेक

यावलकर काका, तुमची कसोटी मी मान्य करते आणि त्याच कसोटीवर घासून सांगते.

रॉकेल ब्रह्मदेशातून येत असे, ते १९४२नंतर दुर्मीळ झाले. त्याआधी घरोघरी घासलेटची चिमणी होती. ती विझल्यावर माझ्या पणजीने करडईच्या तेलाचा दिवा पुन्हा लावला, म्हणजे खायच्या तेलातून उजेडाचे तेल काढले, आणि ती तूट भरून काढायला शेतातून काड्या-सणकाड्या जास्त आणून रात्रीची कामे चुलीच्या उजेडात उरकली. हे काम युद्ध नसते तर करावे लागले नसते. सरपणासाठी रोजचे दोन फेरे वाढले, तेही युद्ध नसते तर वाढले नसते. तांब्याची नाणी मिळेनाशी झाली. १९४३मध्ये मधोमध भोक असलेला पैसा निघाला तो धातू वाचवण्यासाठी, आणि बाजारात सुटे मिळत नसल्यामुळे बायकांनी आपापसात मीठ, मिरची आणि अंडी यांची अदलाबदल करून व्यवहार चालू ठेवले. सगळ्या आळीचा हा हिशेब पणजीच्या तोंडपाठ होता. भोकाचा पैसा तिने माझ्या आजोबांच्या करदोड्यात ओवला होता, तो आमच्याकडे अजून आहे.

सैन्यात गेलेल्यांच्या घरची गोष्ट तर आणखी वेगळी. पणजीचा दीर भरती होऊन गेला. सैनिकाला आपल्या पगारातील काही भाग घरी लावून देता येत असे, तो टपालाने येई, आणि नवऱ्याच्या नावची ती रक्कम सासऱ्याच्या अंगठ्यावर मिळे. त्याची बायको, म्हणजे माझी चुलतपणजी, त्या पैशांतून तगाईचा (सरकारी शेतीकर्जाचा) हप्ता भरायची, बैल बदलायची, आणि पेरणी कधी करायची हे ठरवायची. बैलाचा बाजार करणे हे आमच्या भागात बायकांचे काम कधीच नव्हते. ती तीन वर्षे बैलांच्या बाजाराला गेली. दीर परत आल्यावर तिने ते बंद केले, म्हणजे तिला बंद करायला सांगण्यात आले.

तिला मी लहानपणी विचारले होते की लढाईच्या वेळी तुम्हाला भीती वाटत होती का. ती म्हणाली, ‘‘आमले काय ठाऊक, लढाई कोठे चालू व्हती, आमले कापूस येचाना व्हता.’’ काका, तिला ठाऊक नव्हते म्हणून तिचे काम युद्धाशी जोडलेले नव्हते, असे आपण म्हणायचे का?

सराफ गल्ली

१९६२बद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. चीनने आक्रमण केले तेव्हा राष्ट्रीय संरक्षण निधी सुरू झाला आणि सोने देण्याचे आवाहन झाले. यशवंतराव चव्हाण त्याच नोव्हेंबरात संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले होते, त्यामुळे महाराष्ट्रात त्या आवाहनाला घरच्या कार्याचे रूप आले. जळगाव ही सोन्याची पेठ. इथल्या सभांमध्ये बायकांनी बांगड्या, एकदाणी आणि पाटल्या काढून दिल्या, हे आमच्या वडिलांनी पाहिले होते. माझ्या आजीने गोठ दिले. पावती आजोबांच्या नावाने झाली. गोठ तिच्या माहेरचे होते, स्त्रीधन होते, पण पावती लिहिणाऱ्या कारकुनाला तसे सुचले नाही आणि आजीला सांगावेसे वाटले नाही. आता तीच पावती फ्रेम करून दिवाणखान्यात लावलेली आहे, आणि पाहुण्यांना ‘आजोबांनी सोने दिले’ असे सांगितले जाते. गेल्या दिवाळीत मी ती फ्रेम उतरवून मागे आजीचे नाव लिहिले.

याच्यापुढचा भाग कमी सांगितला जातो. जानेवारी १९६३मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरटपेक्षा जास्त शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली. चौदा कॅरटचा दागिना आपल्याकडे कोण घेणार? मोठ्या पेढ्या तगल्या, पण हातावर पोट असलेला कारागीर सोनार एका आठवड्यात बेकार झाला. आमच्या गल्लीत ज्या घरांतील बायका कधी उंबऱ्याबाहेर कामासाठी गेल्या नव्हत्या, त्या पापड लाटायला, बिबडे घालायला आणि शिवणयंत्र चालवायला लागल्या. चौदा कॅरटची अट १९६६मध्ये सुटली, पण ती शिवणयंत्रे बंद झाली नाहीत. सोने देणाऱ्या बाईचे छायाचित्र वर्तमानपत्रात आले, आणि सोने बंद झाल्यामुळे शिवण शिवणाऱ्या बाईचे आले नाही. यावलकरांच्या कसोटीवर ही दुसरी बाई अगदी तंतोतंत उतरते.

वरणगावची सून

मी वरणगावची सून आहे. आमचे सासरे दारूगोळा कारखान्यात होते. चीनच्या युद्धानंतर जे नवे कारखाने काढण्यात आले त्यांतील हा एक, १९६४चा, बंदुकीच्या लहान काडतुसांचा. भुसावळचा कारखाना त्याआधीचा, १९४९चा. कारखाना आला तेव्हा वसाहत आली, आणि वसाहतीत देशभरातील बायका एका नळावर आल्या. सासूबाईंना हिंदी येत नव्हते, शेजारणीला मराठी येत नव्हते, आणि १९६५चे युद्ध सुरू झाले तेव्हा दोघींचे नवरे जादा तासांवर होते. कोण केव्हा घरी येईल याचा नेम नव्हता. दोन्ही घरांची मुले कोणत्याही घरात जेवत.

त्याच वर्षी लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी संध्याकाळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. सासूबाई सांगत, ‘‘सोमवार मी लग्नाआधीपासून धरते. शास्त्रीजींनी मागाहून सांगितले.’’ फरक एवढाच पडला, की आधी त्या एकट्या उपाशी असत आणि घरातील सगळ्यांना वाढत. आता पुरुषांनीही सोमवार धरल्यामुळे एका संध्याकाळी चूलच पेटली नाही. आयुष्यात पहिल्यांदा सोमवारी संध्याकाळी मी ओट्यावर बसले, असे त्या म्हणत. रेशनवर लाल मिलो ज्वारी येई, तिची भाकरी थापताना फुटत असे. तिच्यात उडदाचे पीठ मिसळून, कळण्याच्या भाकरीसारखी करून ती मुलांच्या गळी उतरवणे हेही कामच होते.

१९७१मध्ये खिडक्यांच्या काचांना काळा कागद लावला होता आणि दिवे लागणीच्या आत स्वयंपाक उरकावा लागे. सासूबाईंना त्याची मोठीशी आठवण नाही. नळाला पाणी संध्याकाळी येत असे आणि अंधारात भरावे लागे, एवढेच त्या सांगतात.

गिरणाकाठ

१९७१चा विषय निघाला म्हणून भुजची आठवण देतो. डिसेंबरच्या आरंभी तिथल्या धावपट्टीवर बॉम्ब पडले आणि माधापर गावच्या सुमारे ३०० बायकांनी ७२ तासांत ती दुरुस्त केली. विमानतळाचे प्रमुख विजय कर्णिक होते. वरून दिसू नये म्हणून बायकांनी हिरव्या साड्या नेसल्या आणि भोंगा झाला की त्या झुडपांत लपत. ती गोष्ट आपल्याला ठाऊक झाली, कारण काम धावपट्टीचे होते, दिवस मोजके होते आणि सांगणारा अधिकारी होता. पुढच्याच वर्षी, १९७२च्या दुष्काळात, आमच्या तालुक्यात हजारो बायकांनी खडी फोडली आणि रस्त्यांवर माती टाकली. हात तेच, टोपली तीच. पण ते युद्ध नव्हते, म्हणून इथेच थांबतो.

यावलकर

माझ्या आक्षेपाला इतकी उत्तरे मिळतील असे वाटले नव्हते. लेकीने माझीच फूटपट्टी माझ्या हातातून घेतली, हे मान्य करतो. म्हणून आता एक गोष्ट सांगतो, जी आधी सांगावी की नाही अशी शंका होती.

माझे आजोबा एका जिनात दिवाणजी होते. जिनाचे नाव लिहीत नाही, मालकांचे वंशज गावात आहेत. लढाईच्या सालांमधील एका हंगामाची खर्चवही आमच्या माळ्यावर आहे. ती मोडीत आहे आणि मला मोडी येत नाही. वडिलांनी मात्र मृत्यूपूर्वी मला तिच्यातील एक पान वाचून दाखवले होते. त्या पानावर इंजिनवाल्याचे नाव आहे, फिटरचे नाव आहे, तोलाईदाराचे नाव आहे, बैलगाडीवाल्यांचीही नावे आहेत. त्यांच्या खाली ‘बाया’ असा एक शब्द आहे आणि पुढे उभ्या रेघा मारलेल्या आहेत, पाच-पाचांच्या. शेवटी रोजाची एकूण रक्कम. कोणत्याही बाईचे नाव नाही.

याहून मला खटकलेली गोष्ट दुसरी आहे. त्याच पानावर ‘रात्रीच्या दिव्याचे तेल’ असा स्वतंत्र खर्च आहे. जुना भोंगा यांनी सांगितलेला सातनंतरचा कायदा तेव्हा लागू होता. मग दिवे कोणासाठी लावले होते? इंजिनवाल्या एकट्यासाठी एवढे तेल लागत नाही. हे मी वडिलांना विचारले नाही, आणि विचारले असते तरी त्यांनी सांगितले असते असे नाही. आजोबांवर त्यांची भक्ती होती, माझीही आहे. माझा आक्षेप ज्या ‘मोजमापा’साठी होता, ते मोजमाप आमच्याच माळ्यावर आहे आणि त्यात फक्त रेघा आहेत, हे लिहिताना मला बरे वाटत नाही.

नंदुरबारी

काका, रेघा आहेत म्हणजे निदान संख्या आहे. हंगामाच्या सगळ्या पानांवरील रेघा मोजल्या तर कोणत्या आठवड्यात किती बाया होत्या हे निघेल, आणि तेलाचा खर्च त्यांच्याबरोबर वाढतो का तेही दिसेल. इंजिनवाला एकच असेल तर तेल रोज सारखेच लागायला हवे.

जुना भोंगा

बरोबर आहे. शिवाय जिनाच्या आजूबाजूच्या वस्त्यांत ऐंशी-नव्वदीच्या बायका अजून असतील. त्या स्वतः त्या हंगामात कामाला नसल्या तरी त्यांच्या आया असतील, आणि आईबरोबर जिनात गेलेली मुले कापसाच्या ढिगावर झोपत, हे मी स्वतः ऐकलेले आहे. रात्री झोपत की दुपारी, एवढे जरी कोणी सांगितले तरी दिव्याचा प्रश्न सुटेल.

यावलकर

पानांची छायाचित्रे काढून टाकण्याचा प्रयत्न केला, पण शाई फिकट आहे आणि मोबाइलवर नीट येत नाही. वही हलवायची म्हटली तर कडा झडतात. मोडी वाचणारे कोणी या मंडळात असल्यास कृपया कळवावे. येण्याजाण्याची सोय मी करीन.

तापीकाठ

मला मोडी येते, काका. येत्या रविवारी सकाळच्या बसने यावलला येते. विद्यार्थिनीलाही बरोबर आणते, रेघा मोजायला ती हवी. वही उन्हात ठेवू नका आणि पाने स्वतः उलटू नका, मी पातळ पट्टी घेऊन येते.